सिटिंग बुल : केसांच्या बटेतून जुळलेले नाते

वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेकडे १८९६ मध्ये दोन वस्तू आल्या. एक होते पायांवर चढवायचे वस्त्र आणि दुसरी माणसाच्या डोक्यावरील केसांची बट. पाठवणारे होते लष्करातील डॉक्टर होरेस डीबल. सहा वर्षांपूर्वी फोर्ट येट्स या लष्करी ठाण्यावर एक मृतदेह दफनासाठी आणला गेला होता. त्या देहावरून या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या गेल्या होत्या, आणि त्यासाठी घरच्यांना कोणी विचारले नव्हते.

तो देह होता सिटिंग बुल यांचा. अमेरिकी लष्कराला ज्यांनी मोठे अपयश पाहायला लावले, त्या लाकोटा आदिवासींच्या नेत्याचा. पुढे शंभरहून अधिक वर्षे ही बट संग्रहालयात पडून राहिली. एकविसाव्या शतकात तिच्यातल्या जीर्ण डीएनएने एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले : या माणसाचे रक्ताचे वारस कोण, आणि त्याची हाडे कुठे विसावावीत हे ठरवण्याचा हक्क कोणाचा?

हुंकेश्नी ते तातांका इयोताके

सिटिंग बुल यांचा जन्म १८३१ च्या सुमारास, आजच्या अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्तीर्ण गवताळ पठारावर झाला. लाकोटा लोकांच्या सात शाखांपैकी हुंकपापा ही त्यांची शाखा. कोणतीही गोष्ट हातात घेण्याआधी हा मुलगा विचार करत बसे, म्हणून घरात त्याला हुंकेश्नी, म्हणजे संथ, असे म्हणत.

लाकोटांचे सारे जगणे बायसनच्या कळपांवर चाले. मांस खायचे, कातड्याचे तंबू आणि कपडे करायचे, हाडांची अवजारे घडवायची. दहाव्या वर्षी या मुलाने पहिला बायसन मारला. चौदाव्या वर्षी तो क्रो टोळीविरुद्धच्या एका चकमकीत मोठ्यांच्या मागोमाग गेला आणि पळणाऱ्या शत्रूला गाठून त्याच्यावर वार केला. लाकोटांमध्ये हा मोठा पराक्रम. वडिलांनी त्या दिवशी आपले स्वतःचे नाव मुलाला देऊन टाकले : तातांका इयोताके, खाली बसलेला बायसन बैल. इंग्रजीत तेच सिटिंग बुल झाले. वडिलांनी स्वतःसाठी जंपिंग बुल हे नाव घेतले.

या घरात नाव वारशाने चाले, पण ते रक्ताच्याच माणसाला मिळे असे नाही. १८५७ मध्ये असिनिबॉइन या शत्रू टोळीशी झालेल्या लढाईत एक कोवळा मुलगा लाकोटांच्या तावडीत सापडला. सोबतचे त्याला मारायला निघाले असताना सिटिंग बुल मध्ये पडले. त्यांनी त्याला भाऊ म्हणून घरी आणले. पुढे वडील लढाईत मारले गेले, तेव्हा वडिलांचे जंपिंग बुल हे नाव या मानलेल्या भावाला मिळाले.

तरुणपणी क्रो टोळीच्या एका सरदाराशी समोरासमोर झालेल्या झुंजीत सिटिंग बुल यांच्या डाव्या पायात गोळी घुसली. सरदार मेला, पण सिटिंग बुल यांना त्यानंतर जन्मभर थोडे लंगडतच चालावे लागले.

करार, सोने आणि युद्ध

गोऱ्या वसाहतवाल्यांचे तांडे पश्चिमेकडे सरकू लागले आणि त्यांच्यामागून लष्करी ठाणी आली. १८६८ मध्ये फोर्ट लारामी येथे करार झाला. त्यात लाकोटांना मोठा राखीव प्रदेश मिळाला, आणि त्यांना पवित्र असलेल्या ब्लॅक हिल्स या टेकड्याही त्यातच होत्या. अनेक प्रमुखांनी करारावर खूण केली. सिटिंग बुल यांनी केली नाही. सरकारी शिधा घेऊन एका जागी बसायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

करार जेमतेम सहा वर्षे टिकला. १८७४ मध्ये जॉर्ज कस्टर या अधिकाऱ्याची लष्करी तुकडी ब्लॅक हिल्समध्ये शिरली आणि तिथे सोने असल्याची बातमी बाहेर आली. खाणवाल्यांची रीघ लागली. त्यांना रोखण्याऐवजी सरकारने लाकोटांनाच बजावले की ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्वांनी सरकारी ठाण्यांवर हजर व्हावे, नाहीतर त्यांना शत्रू समजले जाईल. भर हिवाळ्यात, बर्फातून, बायकामुलांसह इतके अंतर कापणे शक्यच नव्हते.

त्या वर्षी जूनमध्ये लाकोटा आणि शायेन लोकांचा मोठा तळ एकत्र आला. सूर्यनृत्याच्या विधीत सिटिंग बुल यांनी दोन्ही दंडांवरचे मिळून शंभर बारीक तुकडे कापून अर्पण केले आणि तासन्‌तास नाचत राहिले. त्या अवस्थेत सैनिक आकाशातून तळावर कोसळताना त्यांना दिसले, असे त्यांनी सांगितले. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर यांनी तळावर हल्ला केला. लढाई संपली तेव्हा कस्टर आणि त्यांच्याबरोबरची तुकडी शिल्लक नव्हती. लष्कराचे अडीचशेहून अधिक लोक मारले गेले.

विजयाची किंमत लगेच मोजावी लागली. लष्कराने पाठलाग सुरू केला आणि १८७७ मध्ये सिटिंग बुल आपल्या लोकांसह सीमा ओलांडून कॅनडात गेले. तिथे बंदुकांची भीती नव्हती, पण बायसनचे कळप संपत चालले होते. अन्नच उरले नाही, तेव्हा १९ जुलै १८८१ रोजी ते सुमारे १८६ माणसांसह फोर्ट ब्युफर्डला परतले आणि शरण आले. बंदूक त्यांनी स्वतः दिली नाही. ती लहानग्या क्रो फुट या मुलाच्या हातून अधिकाऱ्याकडे सोपवली.

शेवटची पहाट

जवळजवळ दोन वर्षे युद्धकैदी म्हणून काढल्यावर त्यांना स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशात राहू दिले गेले. १८८५ मध्ये बफेलो बिलच्या प्रसिद्ध फिरत्या खेळात ते चार महिने सहभागी झाले. आठवड्याला पन्नास डॉलर मिळत, शिवाय सही आणि छायाचित्रांचे वेगळे. त्यातले बरेचसे पैसे त्यांनी शहरांमधल्या भुकेल्या मुलांना वाटून टाकले.

१८९० मध्ये राखीव प्रदेशांमध्ये भूतनृत्य नावाची धार्मिक चळवळ पसरली. मेलेले पूर्वज आणि बायसन परत येतील, अशी तिची आशा होती. सिटिंग बुल या चळवळीला बळ देतील, या भीतीने सरकारी एजंट जेम्स मॅकलॉफलिन यांनी त्यांना अटक करण्याचा हुकूम सोडला. १५ डिसेंबर १८९० च्या पहाटे लाकोटांमधूनच भरती केलेले पोलीस ग्रँड नदीकाठच्या त्यांच्या लाकडी घरी पोहोचले. बाचाबाची झाली, गोळ्या सुटल्या आणि सिटिंग बुल मारले गेले. सतरा वर्षांचा क्रो फुटही गेला. लढाईतून वाचवून आणलेला तो मानलेला भाऊ जंपिंग बुल, तोही त्याच पहाटे त्यांच्याच बाजूला पडला. पुढे दोनच आठवड्यांत वुंडेड नी येथे लष्कराने शेकडो लाकोटांना ठार केले.

सिटिंग बुल यांना फोर्ट येट्सच्या दफनभूमीत पुरण्यात आले. १९५३ मध्ये साउथ डकोटातील मोब्रिज गावच्या काही व्यावसायिकांनी, काही नातलगांना बरोबर घेऊन, तिथले अवशेष उकरले आणि मोब्रिजजवळ मिसुरी नदीच्या काठावर नेऊन पुरले. वर काँक्रीट ओतले आणि अर्धपुतळा बसवला. तेव्हापासून दोन राज्यांत दोन थडगी आहेत. उकरलेली हाडे खरोखर त्यांचीच होती का, याबद्दलही वाद आहे.

पणतूने कोणता पुरावा द्यावा?

१९८९ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि आदिवासींचे अवशेष व पवित्र वस्तू त्यांच्या वारसांना परत करणे स्मिथसोनियनवर आले. त्यानुसार ही बट आणि ते वस्त्र २००७ मध्ये अर्नी लापॉइंट आणि त्यांच्या तीन बहिणींच्या स्वाधीन झाले. लापॉइंट हे सिटिंग बुल यांचे पणतू. जन्म-मृत्यूच्या नोंदी, वंशावळ आणि घरात सांगत आलेला इतिहास हा त्यांचा पुरावा होता.

संस्थेचे त्याने समाधान झाले, पण सगळ्यांचे झाले नाही. मोब्रिजच्या थडग्याची नीट निगा राखली जात नाही आणि त्या जागेशी सिटिंग बुल यांचा काही संबंधही नव्हता, म्हणून अवशेष दुसरीकडे हलवावेत, असे लापॉइंट यांचे म्हणणे होते. ते मांडायचे तर नात्यावर शंका घेणाऱ्यांना उत्तर द्यावे लागणार होते.

डीएनए तपासणीच्या दोन सोप्या वाटा इथे बंद होत्या. पहिली वाट वाय गुणसूत्राची. ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असे फक्त पुरुषांतून, जवळजवळ जसेच्या तसे उतरते. दुसरी वाट पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची. तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो आपल्या मुलांना देतात. लापॉइंट यांची वंशरेषा अशी : सिटिंग बुल, त्यांची मुलगी स्टँडिंग होली, तिची मुलगी आणि तिचा मुलगा अर्नी. म्हणजे लापॉइंट यांचे वाय गुणसूत्र त्यांच्या वडिलांच्या घराण्यातून आलेले. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए स्टँडिंग होलीला तिच्या आईकडून मिळालेला, सिटिंग बुल यांच्याकडून नव्हे. पणजोबांचे या दोन्ही ठिकाणी नावही नाही.

उरली तिसरी वाट. लिंग ठरवणारी जोडी सोडून बाकीच्या बावीस जोड्यांमधला डीएनए. यात आई-वडील दोघांकडील सगळ्या पूर्वजांचा अंश येतो, मग वंशरेषा मुलीतून जावो वा मुलातून. अडचण अशी की हा वारसा दर पिढीला निम्मा होतो आणि पिसलाही जातो.

साडेबारा टक्क्यांचा हिशेब

मूल आपला निम्मा डीएनए आईकडून घेते, निम्मा वडिलांकडून. हा वाटा जवळजवळ अचूक असतो. पुढचे आकडे मात्र सरासरीचे. आजोबांकडून नातवाला सरासरी २५ टक्के मिळतो, पणजोबांकडून पणतूला सरासरी साडेबारा.

सरासरी म्हणायचे कारण बीजपेशी कशा तयार होतात, यात आहे. आईला तिच्या आई-वडिलांकडून मिळालेल्या गुणसूत्रांच्या जोड्या असतात. बीजांड बनताना जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्यातून बनलेले एक मिश्र गुणसूत्र मुलाला जाते. अदलाबदलीच्या जागा दर वेळी वेगळ्या. सर्व गुणसूत्रांत मिळून स्त्रीच्या बाजूने अशा चाळीसेक जागा असतात, पुरुषाच्या बाजूने पंचवीसेक. पत्ते कितीही चांगले पिसले तरी प्रत्येक डावात सारखेच हुकुमाचे पत्ते येत नाहीत, तसेच हे आहे. एकाच पणजोबांच्या दोन पणतवंडांत एकाला त्यांचा आठ टक्के डीएनए मिळू शकतो, तर दुसऱ्याला सोळा.

सामायिक डीएनए मोजण्याचे एकक आहे सेंटिमॉर्गन. फळमाशीवर काम करून गुणसूत्रांचे कोडे सोडवणारे शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या नावावरून जे. बी. एस. हाल्डेन यांनी ते सुचवले. गुणसूत्रावरच्या दोन जागांमध्ये एका पिढीत अदलाबदल होण्याची शक्यता एक टक्का असेल, तर त्यांच्यातले अंतर एक सेंटिमॉर्गन. वंशावळ शोधणाऱ्यांच्या चाचण्यांत पालक आणि मुलाचे सुमारे ३,४०० ते ३,५०० सेंटिमॉर्गन जुळतात. पणजोबा आणि पणतूचे साधारण साडेआठशे-नऊशे, पण प्रत्यक्षात पाचशेच्या आसपासपासून चौदाशेपर्यंत काहीही निघू शकते. नाते जितके लांबचे, तितके चित्र अंधूक. पणजोबा-पणजी सामायिक असलेल्या दोन भावंडांचे काही तुकडे जवळजवळ नेहमीच जुळतात. पण खापरपणजोबांच्या पिढीवर जुळणाऱ्या भावंडांपैकी दहातील एखाद्या जोडीत मोजता येईल असा एकही तुकडा जुळत नाही. नाते खरे असते, पण डीएनएत त्याची खूण उरलेली नसते.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. साडेबारा टक्के हा आकडा फक्त पणजोबांचा नाही. आजी-आजोबांच्या सख्ख्या भावंडांशी नातवाचेही सरासरी तेवढेच जुळते. सावत्र काकाशी पुतण्याचेही तेवढेच. आणि चुलत, आते, मामे, मावस भावंडांचेही तेवढेच. मराठीने या चार नात्यांना चार वेगळी नावे दिली आहेत. डीएनएच्या आकड्याला मात्र चौघेही एकच दिसतात. जवळीक किती आहे, हे आकडा सांगतो. नाते कोणते, हे ठरवायला जन्मसाल, गाव, कागदपत्रे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण लागते. लापॉइंट यांच्या बाबतीत वयाचा फरकच पुष्कळ काही सांगून जातो. १८३१ च्या सुमारास जन्मलेला माणूस विसाव्या शतकात जन्मलेल्या माणसाचा मामेभाऊ असणे जवळजवळ अशक्य.

सिटिंग बुल यांच्या घरातच या हिशेबाचे आणखी एक वळण सापडते. त्यांच्या शेवटच्या दोन पत्नी एकमेकींच्या बहिणी होत्या. अशा दोन बहिणींची मुले वडिलांकडून सावत्र भावंडे आणि आयांकडून मावस भावंडे. सख्ख्या बहिणी धरल्या तर २५ टक्के अधिक साडेबारा, म्हणजे साडेसदतीस टक्के. कौटुंबिक रचना माहीत नसलेल्याने नुसता आकडा पाहिला, तर तो सावत्र आणि सख्ख्या भावंडांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडेल. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कुळांतच होतात. तिथेही दोन माणसे एकाहून अधिक वाटांनी नातलग असतात आणि आकडा खऱ्या नात्यापेक्षा जवळचा दिसतो.

जीर्ण डीएनए, चौदा वर्षे

बट परत मिळाल्याची बातमी वाचून डेन्मार्कचे शास्त्रज्ञ एस्के विलरस्लेव यांनी मदतीची तयारी दाखवली. जुन्या डीएनएवर काम करण्यात त्यांचे नाव आहे. ग्रीनलँडमध्ये सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या केसांवरून त्यांच्या गटाने २०१० मध्ये एका माणसाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला होता. पण ते केस गोठलेल्या जमिनीत टिकून राहिले होते. सिटिंग बुल यांची बट शतकभर संग्रहालयात साध्या तापमानाला होती. डीएनए टिकण्यासाठी काळापेक्षा थंडी महत्त्वाची, आणि इथे ती नव्हती.

लापॉइंट यांनी थेट होकार दिला नाही. आधी लाकोटा पद्धतीचा विधी झाला, पूर्वजाची संमती मागितली गेली. बटेचा बराचसा भाग विधीपूर्वक जाळण्यात आला आणि काही सेंटिमीटरचा तुकडाच प्रयोगशाळेसाठी उरला.

मुळाशिवायच्या केसात पेशीकेंद्रातला डीएनए मुळातच फार थोडा असतो. त्यातून जे मिळाले, ते बारीक तुकड्यांत मोडलेले आणि जागोजागी खराब झालेले. जुन्या डीएनएत काही रासायनिक अक्षरे बदलतात आणि वाचताना एका अक्षराच्या जागी दुसरेच दिसते. जिवंत माणसाच्या थुंकीतून लाखो जागांवरची अक्षरे खात्रीने वाचता येतात आणि मग सलग जुळणारे लांब तुकडे शोधता येतात. इथे बहुतेक जागा रिकाम्या होत्या. जिथे काही वाचता आले, तिथेही जोडीतले एखादेच अक्षर हाती लागत होते. सेंटिमॉर्गन मोजण्याची नेहमीची रीत या अवस्थेत चालत नाही.

म्हणून कोपनहेगन विद्यापीठाच्या इडा मोल्टके आणि सहकाऱ्यांनी सांख्यिकी पद्धत विकसित केली. तिचा गाभा साधा आहे. वाचता आलेल्या प्रत्येक जागेसाठी विचारायचे : हे दोघे परके असते, तर ही अक्षरे अशी दिसण्याची शक्यता किती? पणजोबा-पणतू असते तर किती? आणखी दूरचे असते तर किती? एकट्या जागेचे उत्तर काहीच ठरवत नाही. पण अशा असंख्य जागांची उत्तरे एकत्र केली की एक पारडे खाली जाऊ लागते. वाचनातल्या चुकांची शक्यताही याच हिशेबात धरता येते.

तुलनेसाठी इतर लाकोटा लोकांचा डीएनएही तपासला गेला, आणि ते आवश्यकच होते. लाकोटा समाज लहान, पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने झालेला. त्यातल्या कोणत्याही दोघांत थोडे साम्य असणारच. एखादे अक्षर सगळ्या जगात दुर्मीळ पण लाकोटांमध्ये नेहमीचे असेल, तर ते जुळल्याने काही सिद्ध होत नाही. समाजाचे हे साम्य वजा केल्यावर लापॉइंट आणि त्या बटेत जे जास्तीचे साम्य उरले, तेवढेच कौटुंबिक.

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उरलेले साम्य पणजोबा-पणतू या नात्याशी जुळत होते. कागदपत्रांनी सांगितलेली वंशावळ डीएनएनेही उचलून धरली. पहिली बातमी आल्यापासून चौदा वर्षे झाली होती.

आकड्याबाहेरचे नाते

या कामाचा उपयोग एका घराण्यापुरता नाही. युद्धांत हरवलेले सैनिक, अनोळखी अवशेष, वसाहतींच्या काळात संग्रहालयांत गेलेली हाडे यांची ओळख पटवताना जवळचे नातलग आता हयात नसतात. दोन-तीन पिढ्या पुढचे वारस आणि खराब झालेला नमुना, एवढ्यावरच भागवावे लागते. अशा प्रकरणांत ही पद्धत कामी येऊ शकते. मोब्रिजच्या थडग्यातील हाडांची परवानगी मिळून कधी तपासणी झालीच, तर ती हाडे सिटिंग बुल यांची आहेत की नाहीत, हेही याच रीतीने ठरवता येईल.

वंशावळ शोधण्यासाठी घरी नळीत थुंकून चाचणी करणाऱ्यांनाही या कहाणीतून काही घेता येते. चाचणीच्या अहवालात नात्याचे नाव लिहून येते, पण ते शक्यतांपैकी एक असते. आकडा अनपेक्षित निघाला, तर लगेच घरातल्या कोणावर संशय घेण्याआधी त्या आकड्यात आणखी कोणती नाती बसतात, हे पाहावे. आणि एखाद्या दूरच्या नातलगाशी काहीच जुळले नाही, म्हणून नाते खोटे ठरत नाही.

सिटिंग बुल यांच्या आयुष्यात बरेच काही त्यांच्या वतीने इतरांनी ठरवले. त्यांची जमीन कोणाची, त्यांनी कुठे राहायचे, मेल्यावर कुठे पुरायचे, पुन्हा कुठे उकरून न्यायचे. केसांच्या एका तुकड्याने त्यांच्या वंशजांच्या हाती निदान एवढे दिले की यापुढे त्यांना विचारावे लागेल. त्याच मापाने त्या डिसेंबरच्या पहाटे त्यांच्याबरोबर मेलेल्या मानलेल्या भावाचा डीएनए मोजला असता, तर जुळणी शून्याच्या जवळ निघाली असती. लाकोटांच्या लेखी मात्र तो भाऊच होता, आणि त्यांच्या वडिलांचे नाव त्याच्याकडे होते.